म्हैस पोचती करायची होती

रेडकू मानेवर घेतलं की त्याच्या पोटाची ऊब थेट आपल्या डोक्यात चढते. त्या पहाटे थंडी इतकी होती की मला ती ऊब आवडली. दुपारनंतर तिनंच माझा जीव काढला, पण ते नंतरचं.

राधानगरीच्याही वर, जंगलाच्या कडेला असलेल्या एका धनगरवाड्यावर आम्ही मुक्काम केला होता. आम्ही म्हणजे माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, मी, एक म्हैस आणि तिचं तीन आठवड्यांचं रेडकू. कोल्हापुरातून निघून आमचा चौथा दिवस होता. त्या दिवशी खिंड ओलांडून कोकणात उतरायचं आणि पायथ्याच्या गावात, जिथं माझी थोरली बहीण, अक्का, दिली होती, तिथं म्हैस पोचती करायची. दिली होती असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती आपणहून गेली होती, आणि सगळा घोळ तिथंच होता.

साल असेल सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव. दिवाळी नुकतीच सरली होती. मी कॉलेजात होतो आणि चार दिवस चालण्याइतका रिकामटेकडा होतो, असं आबांचं मत होतं.

आमची गल्ली माणसांपेक्षा म्हशींची जास्त होती. पहाटे कोंबडा नव्हे, चरवीचा आवाज उठवायचा. त्या गल्लीत उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक कोकणी मुलगा खोली घेऊन राहायला आला, आणि वर्षाच्या आत अक्कानं त्याच्याशी रजिस्टर लग्न केलं. आबांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं हे गोठ्यातल्या म्हशींनाही ठाऊक होतं. जात आडवी येत होतीच, पण आबांनी ती कधी तोंडावर आणली नाही. ते एवढंच म्हणायचे, कोकणात म्हशी जगत नाहीत. जणू तिनं लग्न करून गोठाच तिकडं हलवला होता. पुढं वर्कशॉप बंद पडलं आणि तो तिला घेऊन गावी गेला. तीन वर्षं झाली. आबांनी तिचं नाव घेतलं नाही, आणि ती आली नाही. तिला मुलगा झाला तेव्हा बारशाला मी एस.टी.नं जाऊन आलो. कुठं जातोय ते घरी सांगितलं नव्हतं. परत आलो तेव्हा आबांनी मान वर न करता विचारलं, एस.टी.ला गर्दी होती का. होती म्हटलं. बरं म्हणाले आणि वैरण टाकायला गेले.

ही म्हैस अक्काची. अक्कानं तिला लहानपणापासून वाढवलं, स्वतःच्या हातानं पेंड चारली, आणि पहिल्या वेताला धार काढली ती अक्कानंच. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून मिरवायला काढतात. मोटरसायकलचा सायलेन्सर काढून ती गल्लीतून फाडफाड करत पळवायची आणि मागं आपली म्हैस पळवायची, यात कोल्हापूरकराला जो आनंद होतो तो बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आमची म्हैस गाडीमागं पळायचीच, पण अक्कानं हाक मारली की पळता पळता थांबायची आणि गर्दीतून वाट काढत तिच्याकडं यायची. लोक शिट्ट्या मारायचे. आबा मिशीत हसायचे.

अक्का गेली आणि म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. आई बसली, आबा बसले, मी बसलो. शेरभर दूध द्यायची आणि मग कास घट्ट. दुसरं वेत झालं तरी तेच. आबांनी पिढ्यान्‌पिढ्याचे सगळे उपाय करून पाहिले. भाऊबीजेच्या सकाळी तिनं दुधाची चरवी लाथेनं उडवली. आबा दुधानं भिजलेलं धोतर झटकत गोठ्यातून बाहेर आले आणि उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "म्हस तिची हाय. तिची तिला पोचती करायची."

आईच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. आबांनी लगेच अट घातली. गावाच्या कडेला जायचं, दावं तिच्या हातात द्यायचं आणि मागं फिरायचं. त्या घरात पाऊल टाकायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आई बरं म्हणाली आणि डिंक तळायला घेतला. निघताना तिनं एक गाठोडं आबांच्या खांद्याला अडकवलं. यात तुमच्या भाकऱ्या आहेत असं सांगितलं. चार दिवस त्या गाठोड्याला तुपाचा आणि सुंठीचा वास येत होता आणि चार दिवस आबांनी ते उघडून पाहिलं नाही. बाळंतिणीचे लाडू ओळखू येणार नाहीत इतके ते भोळे नव्हते.

मी एकच गोष्ट मनात धरून निघालो होतो. आबांनी तिच्या घरात जावं. बाकी म्हैस पोचो, न पोचो.

आता चालतच का, हे सांगायला हवं. आधी टेम्पो आणला होता. म्हशीनं मागचा फळा तोडला, टेम्पोवाला शिव्या देत निघून गेला, आणि पुन्हा कुणी यायला तयार होईना. मग ठरलं, हमरस्त्यानं चालत जाऊ आणि घाटाचा डांबरी रस्ता उतरू. पण पहिल्याच दिवशी रस्त्यात फुटक्या सायलेन्सरची एक मोटरसायकल शेजारून गेली आणि म्हशीला वाटलं पाडवाच आला. ती दावं हिसडून अशी पळाली की तिला धरेपर्यंत पुढचं गाव आलं. तो मोटरसायकलवाला बिचारा मागं बघून बघून आणखी जोरात पळवत होता. घाटात ट्रकांच्या मधून असं झालं असतं तर आम्ही दरीत शोधत बसलो असतो. म्हणून राधानगरी सोडल्यावर रस्ता सोडला आणि जुन्या पायवाटेनं, खिंडीतून उतरायचं ठरवलं. पूर्वी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि तांदूळ याच वाटेनं यायचे म्हणे. आता वाटेनं फक्त धनगर आणि रानडुकरं जात होती.

आणि आणखी एक चूक आम्ही घरातूनच सोबत आणली होती. म्हैस नुकतीच व्यालेली म्हणून यंदा पाडव्याला मिरवायला काढली नव्हती, पण निघायच्या आदल्या दिवशी आबांनी ती भादरली. नुसती भादरली नाही, नाभिकाला बोलावून गुळगुळीत करून घेतली, वर तेल चोळलं, शिंगं रंगवली आणि गळ्यात कवड्यांची माळ घातली. ती इतकी चकचकीत झाली की तिच्या अंगात माझं तोंड दिसायला लागलं. कोकणातल्या लोकांना कोल्हापूरची म्हैस कशी असते ते एकदा दिसू दे, एवढाच त्यांचा हेतू. ज्यांच्या घरात पाऊल टाकायचं नव्हतं त्यांना दाखवायला एवढी तयारी का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही भादरलं असतं.

धनगरवाड्यावरच्या एका म्हातारीनं सकाळी शेकोटीजवळून म्हशीकडं बराच वेळ पाहिलं. मग आबांना म्हणाली, "पावणं, म्हशीची कापडं काढून रानात आणलीसा व्हय?"

आबांना राग आला, पण म्हातारीच्या घरचं दूध पिऊन बसले होते, बोलणार काय. तिनं सांगितलं, वर सडा लागेल, सावलीला झुडूपसुद्धा नाही, ऊन चढायच्या आत तो ओलांडा. डाव्या हाताच्या वाटेनं खिंड. तिनं रेडकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत निघून गेली.

जंगलात शिरलो तेव्हा धुकं इतकं होतं की मला माझे पाय दिसत नव्हते. चालायची पद्धत अशी होती: मी रेडकू मानेवर घेऊन पुढं, माझ्यामागं म्हैस, म्हशीमागं आबा. म्हशीला हाकावं लागत नाही. तिचं पिल्लू उचलून पुढं चालू लागा, ती मागून येते. अधूनमधून तिचं ओलं नाक माझ्या कोपराला लागायचं, रेडकू जागेवर आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखं. आबा आणि मी बोलायचो ते म्हशीच्या अंगावरून. बोलणं म्हणजे तरी काय, जपून, दगड हाय, एवढंच.

वाट चढायला लागली. पानांवरून थेंब पडत होते, तो पाऊस नव्हता, धुकंच झाडांवर साचून ठिबकत होतं. कारवीच्या काटक्या अंगाला घासत होत्या. माझे पाय घसरायचे, मी झाडाचं मूळ धरायचो, रेडकू घाबरून पाय आखडायचं आणि त्याच्या छातीतली धडधड माझ्या मानेला लागायची. थोड्या वेळानं ती धडधड त्याची की माझी हे कळेनासं झालं. दम लागून कानात जो आवाज होतो त्यात मला कधी गल्लीतल्या चरव्या ऐकू यायच्या, कधी आई कुणाशी तरी बोलतेय असं वाटायचं. मी चालतोय हे मी विसरत होतो. मला वाटत होतं मी झोपलोय आणि कुणीतरी मला मानेवर घेऊन चढतंय.

एका वळणावर म्हैस थांबली. म्हणून मीही थांबलो. समोर धुक्यात एक मोठं काहीतरी उभं होतं. आधी वाटलं खडक आहे. मग खडकानं कान हलवला. गवा होता. त्याच्या पायात पांढरे मोजे घातल्यासारखे होते आणि बाकी सगळा धुक्यातच विरघळलेला. तो आमच्याकडं नव्हे, म्हशीकडं बघत होता. तेल लावलेली, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या असलेली शहरातली म्हैस. त्यानं असलं काही आयुष्यात पाहिलं नसणार. आमची म्हैसही मान ताठ करून बघत राहिली. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या मानेवर रेडकानं मुतलं, गरम धार पाठीवरून खाली गेली, तरी मी हाललो नाही. मग गवा वळला आणि पाचोळ्याचा आवाजसुद्धा न करता गेला. एवढं मोठं जनावर आवाज न करता कसं जातं हे मला अजून कळलेलं नाही. मागून आबा हळूच म्हणाले की आपल्या म्हशीला बघून दबकला तो. त्यांचा आवाज कापत होता, तरी अभिमान सुटला नव्हता.

धुक्यातून बाहेर आलो तो एकदम सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, वाळलेलं गवत आणि मध्ये मध्ये पावसाचं साठलेलं पाणी. वर निळं आभाळ, खाली आम्ही ज्यातून आलो ते धुकं कापसासारखं भरलेलं, आणि पलीकडच्या टोकाला डोंगराच्या दोन खांद्यांमध्ये एक खाच दिसत होती. तीच खिंड. इतकी जवळ दिसत होती की मला हसू आलं.

पण उशीर झाला होता. गव्यानं वेळ खाल्ला होता, मी घसरत घसरत खाल्ला होता. ऊन तापलं. आणि भादरलेल्या, तेल लावलेल्या काळ्या कातड्यावर ऊन पडलं की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी म्हैस नुसती धापा टाकू लागली. मग गोमाशा आल्या. केस असते तर त्या कातड्यापर्यंत पोचल्या नसत्या. उघड्या कातड्यावर त्या अशा बसल्या की म्हशीची पाठ थरथरायला लागली. आबा पाठीवर टॉवेल आपटत चालले होते. मी वळून पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती रडत होती असं मी म्हणणार नाही, पण पाणी होतं.

पठाराच्या मध्यावर एक डबकं होतं, कमरेइतकं खोल. म्हशीनं ते पाहिलं, रेडकू विसरली, मला विसरली, आबांना ढकलून सरळ पाण्यात गेली आणि बसली. फक्त नाकपुड्या आणि रंगवलेली शिंगं वर.

आम्हाला वाटलं थोडा वेळ बसेल. मी रेडकू खाली ठेवलं, ते माझ्या सावलीत पडून राहिलं. आबांनी भाकरी काढली, खरी भाकरी, दुसऱ्या फडक्यातली. खाऊन झालं. म्हैस बसलेलीच. मी रेडकू काठावर नेऊन ओरडायला लावलं. म्हशीनं डोळे उघडले, मिटले. आबांनी दावं ओढलं, शेपटी पिळली, शिव्या दिल्या. त्यांच्या शिव्या सगळ्या गल्लीला माहीत होत्या, पण त्या सड्यावर आभाळ एवढं मोठं होतं की त्यांना काही जोरच वाटेना. मग ते स्वतः पाण्यात उतरले, तिला ढकलू लागले आणि चिखलात पाय रुतून छातीपर्यंत आत गेले. मी त्यांना ओढून बाहेर काढलं. ते काठावर बसले, धोतर चिखलानं माखलेलं, आणि पहिल्यांदाच मला ते दमलेले दिसले. दिवसानं दमलेले नव्हेत. तीन वर्षांनी दमलेले.

सूर्य कलू लागला होता. या उघड्यावर रात्र काढायची म्हणजे रेडकाचं काय, हा प्रश्न होता. परत धनगरवाड्यावर जायचं तरी म्हैस उठायला हवी होती. मी म्हटलं, अक्का असती तर एका हाकेत उठवली असती. बोलून गेलो आणि जीभ चावली. तीन वर्षांत त्यांच्यासमोर तिचं नाव कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं.

 आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. उठून पाण्याच्या कडेला गेले. माझ्याकडं पाठ करून उभे राहिले आणि मग त्यांनी आवाज काढला. तो त्यांचा आवाज नव्हता. पातळ, लांबवलेला, शेवटी उंच जाणारा, अक्काचा आवाज होता. आबांनी तो इतका नीट लक्षात ठेवला होता हे मला माहीत नव्हतं.

"ये गं माझी बाय, ये. रुसू नगं. ये गं, घरला चल."

म्हशीचे कान हलले. आबांनी पुन्हा हाक मारली. त्यांच्यासारख्या दांडग्या, मिशाळ माणसानं बायकी आवाजात हाक मारावी हे पाहून मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. मी रेडकाच्या पोटात तोंड खुपसून रडलो, रेडकू माझा कान चाटत होतं. तिसऱ्या की चौथ्या हाकेला शब्द बदलले. आबा म्हशीला नव्हते सांगत आता. किंवा म्हशीलाच सांगत होते, पण आवाज त्यांचा स्वतःचा झाला होता, जाड आणि घोगरा. लई झालं, ये आता, असं काहीतरी.

पाणी ढवळलं. म्हैस उठली, अंगावरून पाणी निथळत, चिखलानं माखलेली. तेल नाही, चमक नाही, आणि गोमाशांना बसायला जागाही नाही. ती काठावर आली आणि आबांच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली. आबांनी उरलेला चिखल हातांनी तिच्या पाठीवर थापला. आधी सुचलं असतं तर, असं ते पुटपुटले. पुन्हा तिला कधी भादरलं नाही त्यांनी, म्हणजे म्हैस अक्काकडं गेल्यावर ती संधीच राहिली नाही.

खिंडीत आम्ही वाऱ्यानं शिरलो असं म्हणायला हवं. डोंगराच्या त्या खाचेत वारा असा घुसत होता की चालायची गरजच नव्हती, तो मागून ढकलत होता. आणि पलीकडं, एकदम, कोकण. हिरवं, खोल, धुरकट, आणि त्याच्याही पलीकडं एक चकाकणारी रेघ. आबांनी विचारलं ते काय. मी म्हटलं समुद्र. त्यांनी मान हलवली. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्यांची नजर त्या रेघेवर ठरली नाही. ती खाली उतरली, डोंगराच्या पायथ्याशी, कौलांच्या ठिपक्यांवर. त्यातलं तिचं घर कुठलं, असं ते विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. मी आपणहूनच बोट दाखवलं. चुकीच्या कौलाकडं दाखवलं असेल, इतक्या वरून कुणाला दिसतं, पण आबा बराच वेळ तिकडं बघत राहिले.

उतार चढापेक्षा वाईट होता. वाट म्हणजे सुटे दगड आणि त्यावर वाळकं गवत. रेडकू आता शिशाचं झालं होतं, त्याच्या पोटाच्या उबेनं माझी मान भाजत होती. मी पाच पावलं टाकायचो आणि झाडाला टेकायचो. आबांचे गुडघे गेले होते. ते काठीवर भार टाकून बाजूबाजूनं उतरत होते आणि प्रत्येक पावलाला तोंडातून हवा सोडत होते. म्हैस मात्र आमच्यापेक्षा शहाणी. खूर टेकवून पाहायची, दगड हलला तर दुसरीकडं ठेवायची. एका अवघड जागी मला पुढं पाऊल सुचेना तेव्हा मी तिला पुढं सोडलं आणि तिच्या मागून, जिथं तिचा खूर तिथं माझा पाय, असा उतरलो. उन्हाचा रंग बदलत गेला. हवा जड आणि दमट झाली, आंब्याच्या पानांचा आणि भाताच्या पेंढ्याचा वास आला. कुठंतरी कुत्रं भुंकलं. मला वाटलं, आम्ही एका दिवसातून चालत दुसऱ्याच कुठल्या दिवसात उतरलोय.

पायथ्याशी आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. अक्काचं घर वाडीच्या या टोकाला, डोंगराकडंच. भोवती जांभ्या दगडांचा कमरेइतका गडगा. आबा गडग्याच्या अलीकडं थांबले. दावं माझ्या हातात दिलं. तू जाऊन दे, म्हणाले. मी इथं बसतो, रात्री देवळात पडतो, सकाळी निघतो. त्यांच्या पायांकडं पाहिलं तर सकाळी ते उठून बसले तरी पुष्कळ झालं असतं.  आता माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

मी वळसा घालून पलीकडच्या कवाडातून म्हैस अंगणात आणली, पण हाक मारायची गरज पडली नाही. म्हशीनंच मारली. असा हंबरडा फोडला की घरातून आधी भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग अक्का धावत बाहेर आली, कडेवर पोर. ती बारीक झाली होती. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. म्हशीजवळ आली, तिच्या गळ्याला मिठी मारली, मग अंगावरून हात फिरवला, आणि चिखलाखाली गुळगुळीत कातडं तिच्या हाताला लागलं तेव्हा थांबली. कुणी भादरली, तिनं विचारलं. गडग्यापलीकडून आबा म्हणाले, मी.

तेव्हा तिनं त्यांना पाहिलं. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले, मध्ये तो कमरेइतका गडगा. घरातून तिचा नवरा आणि सासू दारात आले आणि तिथंच थबकले. कुठल्या वाटेनं आलात, अक्कानं विचारलं. खिंडीतनं. चालत? चालत. अक्काच्या कडेवरचं पोर आबांच्या मिशांकडं टक लावून बघत होतं.

अक्का रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. अगदी आबांसारखी, नाकपुड्या फुगवून.

"म्हशीसाठी एवढं चाललासा," ती म्हणाली. "माझ्याकडं यायला बी हीच वाट हुती की."

आबांनी खाली पाहिलं. काठी दोन वेळा जमिनीवर टेकवली. मला वाटलं आता ते वळतील आणि निघतील, आणि मी दावं घट्ट धरलं, जणू त्या दाव्यानं त्यांना अडवता येणार होतं.

"व्हय," ते म्हणाले. "पन तवा लई लांब वाटली."

त्यांनी गडग्यावर हात टेकला आणि पाय वर उचलायला गेले. पाय उचलेना. पुन्हा प्रयत्न केला, गुडघा अर्ध्यावर येऊन थरथरत राहिला. अक्कानं पोर माझ्या हातात कोंबलं, मानेवर रेडकू असताना, आणि गडगा ओलांडून आबांच्या काखेत खांदा घातला.